व्रणावर केस लावण्याआधी

डोक्यावर नाण्याएवढी जागा मोकळी झाली की आपल्याकडे पहिला शब्द निघतो तो चाई. मग कोणी लसूण चोळायला सांगते, कोणी कांद्याचा रस, कोणी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी एखादी ट्यूब. खरोखर चाई असेल तर बऱ्याच वेळा केस परत येतात, कधी कधी काहीही न लावता येतात. त्यामुळे या उपायांनी गुण आल्याच्या गोष्टी घरोघर सापडतात. पण काही चट्टे चाईचे नसतात. त्यांत केसाचे मूळच नष्ट होते, त्याच्या जागी व्रणाची ऊती भरून येते आणि तिथे पुन्हा आपोआप केस उगवणे शक्य राहत नाही. डॉक्टर याला स्कारिंग अलोपेशिया किंवा सिकॅट्रिशियल अलोपेशिया म्हणतात. आपण व्रणजन्य केसगळती म्हणू. गोरेगाव-मालाडपासून अंधेरीपर्यंत केस-प्रत्यारोपणाच्या पाट्या वाचत जाणाऱ्या आणि ‘माझ्या या डागावर केस लावता येतील का’ असा प्रश्न मनात घेऊन फिरणाऱ्या वाचकांसाठी हा लेख आहे. उत्तर बऱ्याचदा ‘हो’ असे आहे. पण त्या ‘हो’च्या आधी जे करायचे असते ते फार थोड्या लोकांना सांगितले जाते, आणि म्हणून पैसा, वेळ आणि डोक्याच्या मागचे मोजके केस वाया जातात.

आधी ओळख पटवू. दिवसाच्या उजेडात मोबाइलच्या कॅमेऱ्याने चट्ट्याचा जवळून फोटो काढा आणि मोठा करून पाहा. चाईच्या जागी केस नसले तरी त्वचेवर बारीक छिद्रे दिसत राहतात. व्रणाच्या जागी ती बुजलेली असतात आणि कातडी गुळगुळीत, चकचकीत, कधी थोडी खोलगट दिसते. चट्ट्याच्या कडेला उरलेल्या केसांच्या बुंध्याशी लाली किंवा कोंड्यासारखी खपली दिसणे, खाज, आग किंवा टोचल्यासारखे दुखणे, पू असलेल्या पुळ्या, एकाच छिद्रातून पाच-सहा केस झुपक्याने बाहेर येणे, ही सगळी आत दाह चालू असल्याची लक्षणे. फोटोवरून निदान होत नाही, ते डॉक्टरांनीच करायचे. पण फोटो तारखेसह जपून ठेवा, पुढे त्यांचा मोठा उपयोग आहे.

केस परत का येत नाहीत, हे समजले की पुढचे सगळे समजते. केसाच्या मुळाच्या वरच्या भागात, तैलग्रंथीच्या थोडे खाली, मूळपेशींचा एक साठा असतो. केस गळून पुन्हा उगवतो तो या साठ्याच्या जोरावर. चाईत दाह होतो तो मुळाच्या अगदी तळाशी, साठा वाचतो. व्रणजन्य केसगळतीत दाह नेमका या साठ्यापाशी होतो आणि तो एकदा गेला की कोणतेही तेल, गोळी किंवा इंजेक्शन तिथे नवे मूळ तयार करू शकत नाही. ‘मेलेल्या मुळांना जिवंत करणारे’ म्हणून जे काही विकले जाते त्यावर या प्रकारात एक रुपयाही खर्च करू नका.

आता सर्वांत महत्त्वाचा भेद. काही व्रण बाहेरून आलेले असतात: भाजणे, अपघात, यंत्रात केस अडकून टाळू सोलली जाणे, शस्त्रक्रियेची खूण, किरणोपचार. घाव झाला, भरला, संपला. दुसऱ्या गटात केसांच्या मुळांवर हल्ला करणारा आजारच असतो. टाळूवरचा डिस्कॉइड ल्युपस, लायकेन प्लॅनोपिलॅरिस, फॉलिक्युलायटिस डेकॅल्व्हन्स ही त्यांतली प्रमुख नावे. कपाळावरची केसांची रेषा हळूहळू मागे सरकत जाते आणि भुवयाही विरळ होतात, असा एक प्रकार मुख्यतः पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये दिसतो. त्याचे नाव फ्रंटल फायब्रोझिंग अलोपेशिया. ऑस्ट्रेलियातील त्वचारोगतज्ज्ञ कोसार्ड यांनी १९९४ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले. आपल्याकडे ‘वयामुळे कपाळ मोठे झाले’ म्हणून तो सोडून दिला जातो, कित्येकदा तर साधे टक्कल समजून थेट प्रत्यारोपणाकडे पाठवला जातो. पहिल्या गटातल्या माणसाला शस्त्रक्रियेचा विचार तुलनेने लवकर करता येतो. दुसऱ्या गटातल्या माणसाने आजार चालू असताना केस लावले, तर ज्या दाहाने जुनी मुळे खाल्ली तोच नवी खातो. लायकेन प्लॅनोपिलॅरिससारख्या आजारात टाळूला झालेली जखमसुद्धा शांत झालेला आजार चेतवू शकते. मुंबईकराला हे वेगळे समजावून सांगायला नको. वरच्या मजल्यावरची गळती न थांबवता ओल आलेल्या भिंतीला रंग काढला, तर पुढच्या पावसाळ्यात काय होते ते प्रत्येक सोसायटीने पाहिले आहे.

या दोन गटांच्या मधे दोन गोष्टी येतात आणि त्यांच्याबद्दल मला विशेष कळकळीने लिहायचे आहे, कारण त्या टाळता येतात.

पहिली लहान मुलांची. डोक्यात नायटा होतो, तो चिघळून मऊ, सुजलेला, पू गळणारा गोळा तयार होतो. याला केरियॉन म्हणतात. गुरे आणि पाळीव प्राणी यांच्याकडून येणाऱ्या बुरशीने तो जास्त जोरात उठतो. आरेच्या तबेल्यांच्या आसपास राहणाऱ्या किंवा मांजर-कुत्र्याशी दिवसभर खेळणाऱ्या मुलाला असे गळूसारखे काही दिसले, तर ते कापून पू काढण्याची घाई नको. त्याला पोटातून घेण्याचे बुरशीविरोधी औषध काही आठवडे लागते. नुसते मलम पुरत नाही, कारण ते मुळाच्या आत पोहोचत नाही. वेळेवर औषध मिळाले तर बहुतेक केस वाचतात. उशीर झाला तर त्या मुलाच्या डोक्यावर कायमचा व्रण राहतो.

दुसरी ओढून बांधलेल्या केसांची. रोज घट्ट अंबाडा, घट्ट वेण्या, वजनदार गंगावन, चिकटवलेली एक्स्टेन्शन्स. फिल्मसिटीत आणि मालिकांच्या सेटवर काम करणाऱ्या मुलींना, नाचाच्या समूहातल्या कलाकारांना यातून सुटका नसते. कानशिलावरचे आणि कपाळाच्या कडेचे केस आधी विरळ होतात. या टप्प्यावर ताण काढला तर ते परत येतात. वर्षानुवर्षे ताण चालू राहिला तर तिथेही व्रण होतो. केस बांधताना दुखत असेल तर केशरचनाकाराला तिथल्या तिथे सांगा, हा तुमचा हक्क आहे.

निदानाचे केंद्र म्हणजे बायॉप्सी. नाव ऐकून लोक घाबरतात, पण ही टाळूची जागा बधिर करून केलेली काही मिनिटांची गोष्ट आहे. साधारण ४ मिलिमीटर व्यासाचा तुकडा काढतात आणि एखाद-दुसरा टाका घालतात. इथे एक बारकावा आहे. तुकडा घ्यायचा तो चट्ट्याच्या मधल्या, पूर्ण गुळगुळीत जागेतून नव्हे, तर कडेच्या, अजून केस असलेल्या आणि दाह दिसणाऱ्या जागेतून. मधून घेतला तर ‘व्रण आहे’ एवढेच उत्तर मिळते, कशामुळे ते कळत नाही. शक्य असेल तर दोन तुकडे घेतात, एक उभा आणि एक आडवा कापून पाहण्यासाठी. ल्युपसची शंका असेल तर इम्युनोफ्लुरोसन्स तपासणीही जोडतात. टाळू डर्मोस्कोपने पाहणाऱ्या डॉक्टरांना तुकडा कुठून घ्यायचा हे नेमके ठरवता येते. भाजल्याचा किंवा अपघाताचा स्पष्ट इतिहास असेल तर बायॉप्सीची गरज सहसा पडत नाही.

गोरेगावकराला यासाठी फार लांब जावे लागत नाही. विलेपार्ल्याला उतरून कूपर रुग्णालय, प्रभादेवीला उतरून परळचे केईएम, मुंबई सेंट्रलला उतरून नायर. या तिन्ही महापालिका रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत आणि बाह्यरुग्ण विभाग सकाळी चालतो. रांग असते, वेळ जातो, पण केईएम-नायरसारख्या शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात त्वचारोग, विकृतिशास्त्र आणि प्लास्टिक सर्जरी हे तिन्ही विभाग एकाच आवारात मिळतात, आणि या आजाराला तिघांचीही गरज लागते. भाजल्याच्या व्रणांसाठी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने पुढे गेल्यावर ऐरोलीचे नॅशनल बर्न्स सेंटर आहे. खासगीत जायचे असेल तर प्रत्यारोपणाच्या केंद्रात नव्हे, आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. क्रम उलटा झाला की निर्णयही उलटे होतात.

आजाराच्या गटातल्या रुग्णाला मग औषधे चालू होतात. तीव्र स्टेरॉइडचे द्रावण, चट्ट्याच्या कडेला दर चार-सहा आठवड्यांनी ट्रायअ‍ॅम्सिनोलोनची इंजेक्शने, डॉक्सिसायक्लिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, गरज पडल्यास मायकोफेनोलेट किंवा मेथोट्रेक्सेट. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दीर्घकाळ घेणाऱ्याने नेत्रपटलाची तपासणी चुकवायची नाही. ल्युपस असेल तर ऊन हे थेट शत्रू आहे, छत्री किंवा टोपी बारा महिने. या औषधांचे काम नवे केस आणणे हे नाही. उरलेले वाचवणे हे आहे. महिनोन्‌महिने औषध घेऊनही ‘केस काही आले नाहीत’ म्हणून मधेच सोडणारे पुष्कळ असतात. चट्टा वाढायचा थांबला असेल तर औषधाने आपले काम चोख केले आहे.

आता शस्त्रक्रिया. केस-प्रत्यारोपण ही टकलावरची चैन अशी आपली समजूत आहे, पण तिचा उगम वेगळा आहे. जपानी त्वचारोगतज्ज्ञ शोजी ओकुदा यांनी १९३९ मध्ये केसांसह त्वचेचे लहान गोल तुकडे काढून ते भाजलेल्या आणि व्रण पडलेल्या जागी बसवल्याचे काम प्रसिद्ध केले. पुढे युद्ध आले आणि जपानी भाषेतले ते लेखन पश्चिमेकडे पोहोचले नाही. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेनट्रेइक यांनी पन्नासच्या दशकात टकलावर हा मार्ग स्वतंत्रपणे चालवला, १९५९ मध्ये मांडला, आणि पुढचा सगळा बाजार तिथून उभा राहिला. व्रणाच्या रुग्णाने ही शस्त्रक्रिया मागताना संकोचू नये ते यासाठी. ती आधी त्याच्यासाठीच झाली होती.

आजार शांत झाला म्हणजे किती काळ शांत? जाणकार शल्यचिकित्सक किमान एक ते दोन वर्षे मागतात: औषधे बंद किंवा अगदी कमी, खाज-लाली नाही, आणि फोटोंत चट्ट्याची कड जागची हललेली नाही. तारखेचे फोटो कामाला येतात ते इथे. ‘पुढच्या आठवड्यात तारीख आहे, सवलत आहे’ असे कोणी म्हणाले तर त्याला तुमच्या आजाराचे नाव विचारा. नाव सांगता आले नाही तर उठून या.

एवढे सगळे नीट केल्यावरही हमी नाही, आणि हे ऐकणे अवघड असले तरी ऐकले पाहिजे. फ्रंटल फायब्रोझिंग अलोपेशियाच्या ५१ रुग्णांचा प्रत्यारोपणानंतरचा बहुकेंद्री आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षी लावलेल्या केसांपैकी बहुतेक टिकून होते, पाच वर्षांनी निम्म्याहून कमी उरले होते. म्हणजे या आजारात पहिल्या वर्षाचे सुंदर फोटो शेवटचा शब्द नसतात. कोणाला पाच चांगली वर्षेही मोलाची वाटतील, कोणाला तो खर्च पटणार नाही. दोन्ही निर्णय योग्य आहेत, फक्त ते माहितीनिशी घेतलेले असावेत. भाजल्याच्या किंवा अपघाताच्या व्रणात मागे लागलेला आजार नसतो. त्यामुळे एकदा रुजलेले केस तिथे टिकण्याची आशा बरीच जास्त.

मार्ग कोणता, हे व्रणाच्या आकारावर ठरते. अरुंद, लहान व्रण असेल आणि आजूबाजूची टाळू सैल असेल तर तो कापून काढून कडा जुळवणे हेच सर्वांत साधे. थोडा मोठा असेल तर काही महिन्यांच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत. लहानपणी भाजून डोक्याचा मोठा भाग गेलेल्यांसाठी टिश्यू एक्स्पान्डर आहे. केस असलेल्या त्वचेखाली सिलिकॉनची रिकामी पिशवी बसवतात, तिच्यात दर आठवड्याला थोडे थोडे सलाइन भरतात, दोन-तीन महिन्यांत वरची त्वचा ताणून वाढते आणि ती व्रणाच्या जागेवर सरकवतात. या पद्धतीने टाळूचा जवळजवळ निम्मा भाग झाकता येतो. त्या महिन्यांत डोक्यावर मोठा फुगा दिसतो, शाळेत-कामावर लोक बघतात, जंतुसंसर्ग होऊन पिशवी काढावी लागण्याचा धोका असतो. मुलाला यासाठी तयार करताना शाळेच्या बाईंशी आधी बोलून घ्या, आणि शक्यतो मोठ्या सुट्टीला धरून वेळ ठरवा.

उरलेल्यांसाठी ग्राफ्ट. डोक्याच्या मागच्या भागातून एक पट्टी काढून ती सूक्ष्मदर्शकाखाली सुटी करणे ही एक पद्धत, एकेक मूळ बारीक पंचने काढणे ही दुसरी. पाट्यांवरची निरनिराळी आकर्षक नावे बहुतेक याच दोहोंचे प्रकार असतात. व्रणाची जमीन मात्र वेगळी. तिथे रक्तपुरवठा कमी, ऊती कडक किंवा फार पातळ. म्हणून ग्राफ्ट दाटीने लावत नाहीत. निरोगी टाळूवर दर चौरस सेंटिमीटरला ६५ ते ८५ केसांचे गट असतात, व्रणावर पहिल्या खेपेला वीस-तीसच्या आसपास लावतात आणि वर्षभराने गरज पाहून पुन्हा. सुज्ञ डॉक्टर त्याआधी पन्नास-शंभर ग्राफ्टची चाचणी करून सहा महिने ते वर्षभर थांबतात. ती रुजली तर पुढे जातात. ही चाचणी स्वतः मागा. कडक व्रण आधी इंजेक्शनने मऊ करता येतो, पातळ व्रणाखाली शरीरातली चरबी टोचून जागा सुधारता येते. तंबाखू, मिश्री, सिगारेट रक्तवाहिन्या आकुंचित करतात, आणि आधीच कमी रक्त असलेल्या जागेला ते परवडत नाही. आधीपासून सोडा. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणल्याशिवाय तारीख घेऊ नका.

शस्त्रक्रिया कोण करणार, हा प्रश्न मान खाली न घालता विचारा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. रीतसर शल्यप्रशिक्षण असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच हे काम करावे, तंत्रज्ञाने फक्त मदत करावी, आणि कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून शिकणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे, असे त्यांत स्पष्ट आहे. २०१९ मध्ये मुंबईतच एका व्यावसायिकाचा प्रत्यारोपणानंतर मृत्यू झाला. एकाच बैठकीत नऊ हजारांहून अधिक ग्राफ्ट लावल्याचे तेव्हा बातम्यांत आले होते. भुलेचा प्रमाणाबाहेर वापर आणि अ‍ॅलर्जी यांचा सामना करण्याची सोय त्या जागी आहे का, जवळचे अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय कोणते, व्रणावर केस लावलेले आधीचे रुग्ण दोन-तीन वर्षांनी कसे दिसतात, हे विचारल्याने कोणी चिडत असेल तर तो तुमचा डॉक्टर नव्हे.

नंतरची काळजी साधी पण कडक असते. पहिले आठ-दहा दिवस लावलेल्या जागेला घासणे, खाजवणे, हेल्मेट घालणे वर्ज्य. सकाळच्या चर्चगेट लोकलची गर्दी या दिवसांत टाळा, एक धक्का पुरतो. कपाळावर सूज तिसऱ्या-चौथ्या दिवशी येते आणि उतरते. दोन ते चार आठवड्यांत लावलेले केस गळतात, मुळे आत राहतात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवे कोंब येतात. साध्या टकलावर पूर्ण रूप वर्षभरात दिसते, व्रणावर दीड वर्षही लागते. खाज, लाली किंवा खपली पुन्हा दिसली तर प्रत्यारोपण करणाऱ्याला फोन करून थांबू नका, त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.

ज्यांना शस्त्रक्रिया करता येत नाही किंवा करायची नाही, त्यांच्यासाठी चांगला टोप, रंगाचे तंतू, टाळूवर बारीक ठिपक्यांचे टॅटू हे सन्मानाचे पर्याय आहेत. फिल्मसिटीमुळे गोरेगाव परिसरात टोप बनवणारे कसबी हात सहज मिळतात. फक्त दाह चालू असलेल्या त्वचेवर गोंद किंवा टेप लावू नये, आणि टॅटूही आजार शांत झाल्यावरच काढावा.

पैशाबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असली, तरी त्या प्रमाणित अटीतच अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेला अपवाद दिलेला आहे, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडायचे. वस्तू व सेवा करातही तसेच. केस-प्रत्यारोपणावर कर लागतो, पण इजा किंवा आघाताने बिघडलेले अंग पूर्ववत करण्यासाठी ते केले असेल तर ती आरोग्यसेवा धरली जाते आणि करातून सूट मिळते. त्यामुळे बिलावर आणि डॉक्टरांच्या पत्रावर नुसते ‘केस-प्रत्यारोपण’ नको, ‘भाजल्यानंतरच्या व्रणाची पुनर्रचना’ असे खरे कारण लिहून घ्या. त्यासाठी भाजल्याच्या किंवा अपघाताच्या वेळचे केसपेपर, डिस्चार्ज कार्ड आणि तारखेचे फोटो लागतात. बायॉप्सी झाली असेल तर अहवालासोबत स्लाइड आणि ब्लॉकही मागून घ्या, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेताना तुकडा पुन्हा काढावा लागत नाही. हे कागद घरात कुठेतरी असतीलच, शस्त्रक्रियेचा विचार करण्याआधी ते शोधून एका फाइलमध्ये लावा.